लादी

आमच्या कारखान्यात लादी पिकायला दोन रात्री लागतात.
मिठाच्या पाण्यात डबे उभे, वर फळ्या,
अमोनिया असा डोळ्यात जातो
की नव्या माणसाला वाटावं, मालक रडतोय.
जालना, मोंढ्याच्या मागची गल्ली.
दीडशे किलोची लादी, आकडा, भुस्सा, पोतं.
एवढंच माझं आयुष्य, आणि ते थंड आहे.

पोरगी हार्बिनला डॉक्टरकी शिकते.
म्हणाली, पप्पा, जानेवारीत या, बर्फ बघायला.
मला. बर्फ.
खलील हसून हसून कॉम्प्रेसरला टेकला,
म्हणला, कुंभाराला चिखल दाखवायला नेतेत का कुठं?

दैवशालानं दोन स्वेटर दिले, तिळाचे लाडू,
आणि पाच किलो ज्वारीचं पीठ,
ज्याची विमानतळावर चौघांनी वास घेऊन चौकशी केली.

उणे अठ्ठावीस.
आमचं मिठाचं पाणी उणे दहाला जातं,
त्याच्या खाली मी कधी उतरलो नव्हतो.
नाकातल्या केसांचे काटे झाले.
खिशातून काढला की मोबाईल मान टाकायचा.
हातगाडीवर काळ्या पडलेल्या, दगड झालेल्या नासपत्या,
लोक त्या पाण्यात भिजवून चोखत होते.

मग नदी.
पोरीनं नाव तीनदा सांगितलं, सोंगहुआ,
मला या काठापासून त्या काठापर्यंत
एक लादी दिसली फक्त.
बायका, लेकरं, एक कुत्रं, सगळे तिच्यावरून चाललेले.
कुंडलिका मीही पायी ओलांडतो,
वर्षातले आठ महिने.
पण ते कारण वेगळं.

बर्फाचे महाल पाहिले. पोटात लाल-हिरवे दिवे.
लोक फोटो काढत होते
आणि मी मोजत होतो: हा जिना, चाळीस लाद्या,
ही कमान, लग्नसराईचा अख्खा वैशाख.
मग माझी मलाच लाज वाटली.

नदीच्या कडेला अजून तुकडे काढायचं चालू होतं.
एक म्हातारा, हातात आकडा.
आकड्याला बाक तोच, आमच्या लोहार गल्लीचा.
तो बोटाच्या पेरानं तुकडा वाजवायचा,
कान द्यायचा, मग पुढं ढकलायचा.
एकाला मी मान हलवली. आत भेग आहे.
त्यानं पुन्हा वाजवलं. माझ्याकडं बघितलं.
हातमोजा काढला. अंगठ्याचं टोक नव्हतं.
मीही काढला. माझ्या डाव्या तर्जनीवर
डबा पडलेल्या दिवसापासून नख नाही.
बोलायला भाषा नव्हती, म्हणून लाडू दिला.
लाडूचाही दगड झालेला;
त्यानं गालात धरून ठेवला, उन्हाळ्यासारखा.
लांबून पोरगी ओरडत होती,
पप्पा, हात झाका, बोटं जातील!

तिला म्हणलं, विचार, या महालांचं पुढं काय होतं?
तिनं विचारलं.
म्हातारा नदीकडं बघून एकच शब्द बोलला.
पोरगी म्हणाली, परत.
आमच्याकडं वितळलं की वहीत घट लिहितात, लाल पेनानं.
त्यांची घट कोणाच्या खात्यावर जाते,
ते विचारायचं राहून गेलं.

परतताना पोरगी पुढं चालत होती,
पायाकडं न बघता, तिथलीच असल्यासारखी.
मी मागं, हात पसरून, चिमणीची पावलं.
शेवटी तिनंच मागं येऊन धरलं मला,
दोन्ही हातांनी, अंगाला न लावता,
जशी आम्ही लादी धरतो.

एप्रिल. बेचाळीस.
खलीलनं विचारलं, कसं होतं?
म्हणलं, बर्फ होता.
आज दुपारी डब्यातून निघालेली लादी
पेरानं वाजवून बघितली.
पोट पांढरं. कोंडलेली हवा.
कान लावून किती वेळ बसलो कोण जाणे.
रसवंतीचा पोऱ्या सायकल धरून उभा,
म्हणला, मालक, वजन करा की लौकर,
गळायली.